राहिलेला हातचा

बायडाबाई भोरने ओंजळभर भात ओलावा मोजायच्या मीटरच्या पेल्यात ओतलं आणि पडद्याकडे न बघता मोहिनीच्या तोंडाकडे बघत राहिली. आकडा उमटला. अठरा पूर्णांक सहा.

"पयल्या खेपेला पंधरा दावत होतं," ती म्हणाली. "दोन दिस ताडपत्रीवर वाळवलं, तर अठरा. आजबी तेच. वाळवल्यावर भात वलं हुतं का, ताई?"

घोटीतल्या नवनाथशेठच्या गिरणीत त्या वेळी सात-आठ माणसं तरी होती. चौदा टक्क्यांच्या वर ओलावा असलेलं भात गिरणी घेत नसे, आणि बायडाबाईची गाडी दोनदा परत गेली होती. दुसऱ्या खेपेला नवनाथशेठ सगळ्यांसमोर बोलून गेला होता, की वजन वाढवायला बाई पाणी मारून आणते. ते तिला झोंबलं. मीटर कुठून येतं एवढं तिने त्याच्याकडूनच विचारून घेतलं, पिशवीत दोन शेर भात भरलं आणि एसटीने थेट नाशिकला, अंबडच्या कारखान्यात येऊन बसली. आधी गिरणीत येऊन गेलेल्या कंपनीच्या सर्व्हिसच्या माणसाने गव्हावर मीटर तपासून ठीक असल्याचा शेरा मारला होता. तोच शेरा ऑफिसात तिला पुन्हा ऐकवला गेला. ती उठली नाही. शेवटी कोणीतरी मोहिनी गर्गेला बोलावून आणलं.

मोहिनी त्रेपन्न वर्षांची. पॉलिटेक्निक संपवून या कारखान्यात लागली ती इथलीच झाली. इंदिरानगरातल्या घरापेक्षा तिला तिच्या टेबलाचा कोपरा जास्त ओळखीचा होता. मीटरच्या आतल्या चिपचा प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला, असेंब्ली या चिपच्या भाषेत, एकेक सूचना हाताने मांडून. नवीन मुलं त्याला हात लावत नसत. बायडाबाईचं बोलणं तिने एकदाच ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेऊन घोटी गाठली. बायडाबाईही गाडीत पोती भरून तिसऱ्यांदा गिरणीत आली. सेन्सर बिघडला तर आकडा सरसकट चुकतो, हे तिला माहीत होतं. पंधरावरून खाली यायचा आकडा मध्येच उडी मारून अठरावर जातो, तेव्हा सेन्सरचा दोष नसतो.

तिने मीटर उघडलं, वायर जोडली आणि बायडाबाईला शेजारच्या पोत्यावर बसवून घेतलं.

मीटर स्वतः ओलावा जाणत नाही. दाण्यांवरून त्याला एक मोजणी मिळते. दाणा जितका कोरडा तितकी मोजणी मोठी. त्या मोजणीइतक्या ओळी मोजत प्रोग्रॅम चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यात खाली उतरतो आणि तिथला आकडा उचलून आणतो. गव्हाचा तक्ता वेगळा; पुढे मक्याचा, त्याला लागून भाताचा. भाताच्या तळाच्या ओळी सगळ्यात कोरड्या दाण्यांच्या.

तक्त्यातल्या ओळीचा पत्ता दोन भागांत असतो. खालचा भाग दोनशे पंचावन्नच्या पुढे गेला की शून्यावर येतो आणि हातचा एक वरच्या भागात मिळवावा लागतो. तिसरीतल्या मुलाच्या बेरजेसारखंच. मोहिनीने पडद्यावरच्या ओळी खाली सरकवल्या. बेरीज होती. तिच्या खाली हातचा मिळवणारी ओळ नव्हती.

ती नव्हती, कारण प्रोग्रॅम लिहिला तेव्हा लागत नव्हती. भाताचा तक्ता दोनशे पंचावन्नच्या मर्यादेत नेमका बसत होता आणि चिपमधली एकेक जागा वाचवायचे ते दिवस होते. मग दोन वर्षांपूर्वी पडद्यावर मराठी सूचना आल्या. त्या तिनेच घातल्या. तक्ते काही घरं पुढे सरकले आणि भाताच्या शेवटच्या ओळी मर्यादेपलीकडे गेल्या. तेव्हापासून तेराच्याही खाली वाळलेलं भात आलं की प्रोग्रॅम हातचा विसरून मागे जात होता आणि मक्याच्या ओळीतला आकडा आणत होता. तिने तेव्हा तपासणी केली होती ती पंधरा-सोळाच्या भातावर. त्याहून कोरड्या भातावर केलीच नव्हती.

तिने तो भाग वरून खाली पुन्हा एकदा वाचला. मग हातचा मिळवणारी ओळ लिहिली, प्रोग्रॅम चिपमध्ये भरला आणि बायडाबाईला पुन्हा भात ओतायला सांगितलं. बारा पूर्णांक आठ. तीनदा ओतलं, तीनदा तेच.

तिने यशोधनला फोन लावला. कारखाना आता तो बघत होता. त्याच्या वडिलांच्या काळापासून मोहिनी तिथे होती. जिल्ह्यातली सगळी मीटरं दुरुस्त करून द्यावी लागतील हे त्याने लगेच मानलं. मात्र, अपडेट आहे एवढंच सांगू या, उगाच बोभाटा नको, असं त्याचं म्हणणं पडलं.

"अपडेट नाही, यशोधन," ती म्हणाली. "चूक आहे. आणि ती माझी आहे, तसंच सांगायचं."

मग त्याने विचारलं, मोहिनीताई, किती दिवस लागतील? ती म्हणाली, पंधरा. गाडी आणि एक माणूस दे.

मग ती नवनाथशेठकडे वळली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं, की या यंत्राचा प्रोग्रॅम मी लिहिलेला आहे, बाईंनी वाळवून आणलेलं भात कोरडंच होतं, खोटं माझं यंत्र बोलत होतं. नवनाथशेठने हमालाला खूण केली आणि बायडाबाईच्या गाडीवरची पोती उतरू लागली.

बायडाबाईचा चेहरा मात्र उजळला नाही. ती पेल्यातलं भात परत पिशवीत भरत होती.

"मागल्या साली आमच्या जावंचं भात असंच परत आणलं," ती म्हणाली. "तिनं काय इचारलंच नाय. मशीन सांगतंय म्हणल्यावर आपलंच चुकलं आसंल, म्हणली. घरीच कांडून खाल्लं."

अशी आणखी किती माणसं गाडी वळवून निमूट घरी गेली असतील, हे कुठल्याच तक्त्यात सापडणार नव्हतं.

"मावशी, चूक कुणाची म्हणून जाऊबाईंनी विचारलं तर माझं नाव सांगा," ती एवढंच म्हणाली.

"सांगते. पन आल्या तुम्ही, ते बरं झालं."

मोहिनीने पर्समधून काळा मार्कर काढला आणि मीटरच्या झाकणावर, कंपनीच्या नावाखाली, स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर लिहिला. मग लॅपटॉप काखेत मारून ती शेजारच्या गिरणीत शिरली. चौथ्या गिरणीत मीटर दुरुस्त झालं, पण झाकणावर कोंड्याचा थर होता, शाई धरेना. तिने ओढणीच्या टोकाने झाकण पुसलं आणि आकडे पुन्हा लिहिले, आधीपेक्षा मोठे.