सुनेकडे सोपवलेली कबर

जुनी ख्रिस्ती दफनभूमी बघायचीय म्हटल्यावर रिक्षावाल्याने मला आरशातून दोनदा न्याहाळलं. नाशिकला येऊन लोक रामकुंड बघतात, चिवडा नेतात. या म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय, असं त्याला वाटलं असावं. वाटू दे.

फाटकावरच्या कोंडाजी राखणदाराला मी थाप मारली. म्हटलं, प्रवासी आहे, जुने दगड बघत फिरतो. खरं तर मी सरिता आत्याला शोधत होतो. तिने मिशनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरशी लग्न केलं, ख्रिस्ती झाली आणि आमच्या चांदवडच्या घराने तिचं नाव टाकलं. मूलबाळ नव्हतं. ती गेली तेव्हा मी तिशीचा घोडा होतो, तरी वडिलांच्या धाकाने आलो नाही. त्यालाही तीस वर्षं झाली. तिची खूण तरी उरलीय का, एवढंच बघायचं होतं.

आत शिरलो आणि बघतच राहिलो. शंभर-सव्वाशे वर्षांचे दगड, पण एकावर शेवाळ नाही! दुसऱ्या दिवशी मृतांच्या स्मरणाचा दिवस, म्हणून घरंच्या घरं कबरी धूत होती.

“एवढ्यांचे वारस अजून येतात?”

“वारस कुठले! ज्याला कोणी नाय, त्याची कबर वस्तीतल्या नव्या सुनेला देतो आम्ही. मग ते तिच्या घरचं माणूस. खरं नातलग आलं, तर परत करायची,” कोंडाजी म्हणाला.

ही रीत ज्याला कुणाला सुचली, त्याला मी मनोमन हात जोडले.

चिंचेखाली आत्याचं नाव दिसलं. एक बाई नारळाच्या शेंडीने दगड घासत होती. हर्षाली तिचं नाव.

“बारा वर्षं मीच करते. पोरं हिला आजी म्हणतात,” ती कौतुकाने म्हणाली. “तुम्ही कोण?”

थाप पुन्हा ओठांवर आली होती. लाज वाटली.

“मी हिचा भाचा.”

तिचा हात थांबला. डोळे भरून आले, तरी रीतीप्रमाणे ती उठून बाजूला झाली. “मग आता तुमची.”

“नको, ताई. कुठल्या तोंडाने घेऊ? तुमच्याकडेच असू द्या. मला फक्त दरवर्षी येऊ द्या.”

तिने रिकामी बादली माझ्या पुढ्यात सरकवली.

“येऊन नुसते उभे राहणार का? पाणी आणा. नळ तिकडे आहे.”

साठी उलटलेल्या मी, भर सकाळी, सगळ्यांदेखत रडत रडत ती बादली भरली.