खंडेनवमीला उघडं राहिलेलं इंजिन

अश्विनातलं ऊन. धुतलेलं, निवळलेलं, हळदीच्या अंगाचं ऊन. पांडवगडाच्या खांद्यावरून ते घरंगळत आलं, उसाच्या हिरव्यागर्द पात्यांवरून निसटलं, कृष्णेच्या संथ श्यामल जळावर क्षणभर थबकलं आणि झेंडूच्या मळ्यात शिरताच वेडं झालं. केशरी, पिवळा, पुन्हा केशरी, असा सारा मळा पेटला होता. डोळे दिपत होते, तरी मिटवत नव्हते.

मळ्याच्या कडेला, घरापुढच्या अंगणात, सर्जेरावांची जुनी पांढरी गाडी बॉनेट उघडून उभी होती. मागची सीट काढून टाकलेली. तिथं फुलं बसायची. कित्येक दसरे, कित्येक दिवाळ्या या गाडीनं वाईच्या बाजाराला सुगंध पोचवला होता. आता तिच्या इंजिनाचा पट्टा भेगाळला होता, आणि सर्जेरावांचे हात कापू लागले होते.

डॉक्टरांनी दुखण्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या. पण ज्या हातांनी अंधारातसुद्धा नट अचूक बसवले, ते हात बशीतला चहा सांडू लागले, आणि मानी सर्जेराव गाडीला शिवेनासे झाले. "भंगारात घाला तिला," एवढंच म्हणायचे. गाडी गेली की हा माणूस ओट्यावर बसेल आणि मग ओट्यावरून उठणारच नाही, हे त्यांच्या बायकोला, गोदेला, लख्ख दिसत होतं. तिला त्याची भीती वाटत होती.

जन्मभर तिनं त्यांच्या हातात पाने दिले होते. कुठल्या नटाला कुठला पाना, हे तिच्या बोटांना पाठ होतं. तिनं पदर खोचला. "तुमी सांगा, मी खोलते. बिघडली तर मग खुशाल घाला भंगारात."

हा पट्टा घरी कधीच कुणी बदलला नव्हता. ते मिस्त्रीचं काम, आणि मिस्त्री सणाला गावी गेलेला. अष्टमीच्या दुपारी गोदेनं झाकण उतरवलं आणि ती पाहतच राहिली. खाली एक दातेरी चाक, वर एक दातेरी चाक, आणि दोघांना कवेत घेणारा काळा, दातेरी, रबरी पट्टा. इतकी वर्षं या गाडीत बसली, पण तिच्या आत असा संसार चालतो हे तिला ठाऊक नव्हतं.

"खालचं दोनदा फिरलं, की वरचं एकदा फिरतंय," सर्जेराव ओट्यावरून बोलले. "खालचं दट्ट्या, म्हंजी पिष्टन, वरखाली करतंय. वरचं दारं उघडतंय, मिटतंय. दार मिटायच्या आत दट्ट्या वर आला, की टक्कर. मग समदं संपलं."

"आन् ह्ये समदं ह्या रबरावर?"

"ह्या रबरावर."

गोदेनं नकळत हात जोडले. मग दोन्ही चाकांवरच्या खुणा आपापल्या जागी आणून तिनं जुना पट्टा काढला. तोवर गडामागं ऊन बुडालं, आणि नवा चढवायचं काम राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाने, पक्कड, हातोडी, सारी हत्यारं धुऊन पाटावर मांडली गेली, आणि त्यांच्या मधोमध नवाकोरा पट्टा हळदकुंकू लेवून बसला. पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हा घराचा नेम होता.

गाडीला हार घालायचा मान दरवर्षी सर्जेरावांचा. कुणी न सांगता ते उठले. किती महिन्यांनी गाडीजवळ गेले! गोदेनं दारातून पाहिलं आणि ती सुखावली. बॉनेट वर होतं, म्हणून त्यांनी हार घातला थेट वरच्या चाकाला. कापरे हात, ओला दोरा. दोरा दात्यात अडकला, त्यांनी हलकेच ओढला.

खट्!

चाक उसळून फिरलं. आतल्या स्प्रिंगांचा दबलेला जोर त्याला ढकलायलाच टपला होता, आणि पट्ट्याविना त्याला धरून ठेवणारं कुणी नव्हतं. खूण जागेवरून पार सरकली. पाकळ्या इंजिनावर विखुरल्या.

"गोदे," सर्जेराव म्हणाले, "माज्या हातानं मेली गं ती. दार दट्ट्यावर आपटलं असणार."

गोदा धावत पाटाशी गेली, पान्याकडे हात नेला आणि थांबली. "आज नगं," ते म्हणाले. "आज देव बसलाय तितं."

तो दिवस लांबला. रस्त्यानं फुलांनी मढलेले ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेले. सर्जेराव ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले, आणि पानात वाढलेलं पानातच राहिलं.

दसऱ्याची पहाट दवात भिजून आली. गोदेनं पाटावर डोकं टेकलं आणि हत्यारं उचलली. "माघारी आन. सावकाश. आनखी केसभर," सर्जेराव आता तिच्या खांद्याशी उभे राहून सांगत होते. खुणेला खूण भिडली. हळद पुसून तिनं पट्टा चढवला, त्याला ताण दिला.

"आता हातानं फिरवायचं. आत ठण्णदिशी अडलं, तर दार वाकलंय. नरम लागलं, तर जित्ती हाय."

"तुमीबी धरा."

"माजं हात..."

"धरा म्हंते न्हवं!"

एकाच पान्यावर चार हात. चाक हललं, जड झालं, आणखी जड झालं, आणि अडलं. सर्जेरावांनी डोळे मिटले आणि हळूहळू भार दिला.

हुस्स!

लोखंडाच्या त्या काळोख्या गाभ्यातून एक दीर्घ, ऊबदार, ओला उच्छ्वास आला.

"दम घेतीय ती," सर्जेराव कुजबुजले. "गोदे, दम घेतीय!"

पुन्हा भार, पुन्हा उच्छ्वास. खालच्यानं दोन फेरे घातले, वरच्यानं एक, आणि दोन्ही खुणा मुकाट आपापल्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. गोदेनं आयुष्यात पुष्कळ देवळं पाहिली होती, पण अंगावर असा काटा कुठंच आला नव्हता.

झाकण बसलं, बॉनेट मिटलं. किल्ली गोदेनं फिरवली. गाडी एकदा खाकरली, दुसऱ्यांदा गुरगुरली, आणि मग सलग, संथ, गंभीर लयीत बोलू लागली.

सर्जेरावांनी वाकून दोन्ही तळवे बॉनेटवर टेकले. पत्रा थरथरत होता, हात थरथरत होते. कोणता थरथराट कुणाचा, हे गोदेला कळेना, सर्जेरावांनाही कळेना, आणि केशरी, पिवळ्या, पुन्हा केशरी उजेडात ते तसेच उभे राहिले, हात न काढता, कितीतरी वेळ.