लाखेखालचे दोन दात

माझा एक कण एका आठ महिन्यांच्या मुलीच्या पोटात गेला, आणि त्या काळजीनं तिच्या आईचा दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. घशात अडकला असेल का? पोटात टोचत असेल का? मुलगी हसतेय ते ठीक, पण आतून दुखत असताना मुलं हसतात का? असं ती स्वतःलाच विचारत होती आणि स्वतःच्याच प्रश्नांना घाबरत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कण लंगोटात सापडला. आईनं तो चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि लंगोट हातात घेऊनच ती रडली.

मी बूच बोलतोय. बाटलीच्या तोंडात ठोकतात ते, बोटभर लांबीचं. माझ्याकडे कुणी निरखून बघत नाही. बाटली उघडेपर्यंत मी अडचण असतो आणि उघडल्यावर कचरा.

पण मी एका माणसावर बत्तीस वर्षं डूख धरून होतो. डूख म्हटलं की लोकांना साप आठवतो. सापाला तेवढी फुरसत कुठे असते! उंदीर शोधा, बेडूक शोधा, कात टाका, हजार कामं. एका अंधाऱ्या जागी आडवं पडून एकच गोष्ट वर्षानुवर्षं मनात घोळवायची, तर ते बुचानंच करावं.

माझा स्वभाव जन्मजात आहे म्हणा. मी एका झाडाची साल. ते झाड तोडत नाहीत, नऊ वर्षांनी एकदा सोलतात. नवी साल आली की परत सोलतात. कातडं सोलून घेतलेल्याच्या पोटी जन्मलो मी. माझ्याकडून गोडव्याची अपेक्षा कुणी करू नये.

तिथून पोत्यात बसून मी एका द्राक्षमळ्यावर आलो. मळ्याची मालकी दोघा भावंडांची होती. थोरली बहीण, तिला सगळे ताई म्हणत. आणि तिचा भाऊ, धाकटे मालक. मळा, पिंपं, तळघर ताई बघायची. धाकटे मालक पाहुणे बघायचे.

मी आलो तेव्हा त्या तळघरात एकाच हंगामाची चर्चा होती. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वीचा तो हंगाम. ऐन तोडणीच्या वेळी आभाळ भरून आलं होतं आणि आजूबाजूच्या मळेवाल्यांनी घाईघाईनं कच्चीच द्राक्षं उतरवली होती. ताई मात्र थांबली. "अजून बिया हिरव्या आहेत," एवढंच म्हणायची. धाकटे मालक रोज बांधावर येऊन ओरडायचे, "ताई, पाऊस आला तर काय बियांचं लोणचं घालायचं?" ती नऊ दिवस थांबली. पाऊस दुसरीकडे वळला, आणि त्या द्राक्षांतून पिंपात जे उतरलं त्याच्या वासानंच कामगार शिडीवर थबकायचे.

मग ती वाइन पिंपातून बाटल्यांत भरायचा दिवस आला. मधल्या काळात ताईला मुलगी झाली होती. चिमी. ताईच्या एका कडेवर चिमी आणि दुसऱ्या हातात बूच ठोकायची मोगरी. दात येत असल्यामुळे चिमी हाताला लागेल ते तोंडात घालायची. धाकटे मालक त्या दिवशी मळ्यावर नव्हते. लेबलं छापून आणायला शहरात गेले होते. हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी शेवटची बाटली भरली आणि बघतात तर टोपलीत बूच नाही. होतं ते चिमीच्या तोंडात. तो मीच.

"आणा इकडे, महाराणी!" ताईनं मला ओढून काढलं. माझ्या एका टोकावर खालच्या दोन दातांचे ठसे उमटले होते, मधे बारीकशी फट. ताई हसली. तिनं मला उकळत्या पाण्यातून काढलं, चावलेलं टोक वर ठेवलं आणि ठोकलं. वरून लगेच गरम लाख ओतली. लाख घट्ट झाली तेव्हा तिला आठवलं, की ठशांच्या कडेला बुचाचा एक कण कमी होता. पुढच्या दोन रात्रींचं मी वर सांगितलंच.

आठवड्यानं छापलेली लेबलं आली. त्यावर वाइन करणाऱ्याच्या जागी धाकट्या मालकांचं नाव होतं. एकट्याचं.

ताई लेबल हातात घेऊन तळघरात त्यांच्यासमोर उभी राहिली. "हे काय आहे?"

"अगं, नाव घरातलंच आहे ना?"

"चव मी ठरवली. थांबायचं मी ठरवलं. तू तर उतरवा, उतरवा म्हणून नाचत होतास."

धाकटे मालक मागे उभ्या दोघा पाहुण्यांकडे बघून हसले. म्हणाले, "लेकुरवाळीच्या नाकाला दुधाशिवाय कसला वास येतो, ताई? लोक विश्वास ठेवतील का?"

पाहुणेही हसले. ताई हसली नाही. मला वाटलं, आता ती एखादी बाटली उचलून त्याच्या डोक्यात घालेल. माझीच घातली असती तरी मी राग मानला नसता. पण तिनं चिमीचं टोपडं नीट केलं आणि ती जिना चढून गेली. महिन्याभरात कागदपत्रांची काय चक्रं फिरली मला ठाऊक नाही, पण परत तिची पावलं त्या जिन्यावर वाजली नाहीत.

तेव्हापासून मी डूख धरला.

पहिला विचार सोपा होता. मी कुजायचं. बूच बिघडलं की आतली वाइन ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मारते, कुणाच्या घशाखाली उतरत नाही. पण मग मनात आलं, वाइन तर ताईच्या हातची. ती नासवून सूड उगवला असता, तर माझ्यात आणि त्याच्यात फरक तो काय राहिला असता?

म्हणून मी उलटं केलं. घट्ट बसलो. थेंब बाहेर सोडायचा नाही, लागेल त्याहून जास्त हवा आत घ्यायची नाही. वाइन पहिली दहा वर्षं नुसती तुरट, भांडखोर होती. मला खालून ढुशा द्यायची. पुढे शांत झाली. राग मुरला की त्यालाही चव येते, हे मी तिच्याकडून शिकलो.

दर वर्षी धाकटे मालक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि आमच्या फडताळापुढे उभे राहून गोष्ट सांगायचे. पहिल्या वर्षी गोष्टीत त्यांनी तीन दिवस वाट पाहिली होती. पाचव्या वर्षी पाच दिवस. पुढे पाचाचे नऊ, नवाचे अकरा झाले. ताई मात्र दर वर्षी गोष्टीत लहान होत गेली. आधी ती घाबरली होती, मग आजारी होती. शेवटी, "बाळंतपणामुळे ताईनं दोन वर्षं या तळघरात पाऊलसुद्धा ठेवलं नाही, सगळं मलाच बघावं लागलं." हे ऐकलं की मी आणखी घट्ट व्हायचो.

पंचविसाव्या वर्षी माझी कसोटी आली. आम्ही बुचं म्हातारी होतो, झिरपायला लागतो. तेव्हा सगळ्या बाटल्या दिव्यासमोर धरतात, आणि जिच्यातली वाइन खाली गेली असेल तिचं जुनं बूच उपटून नवं ठोकतात. जुनी बुचं भट्टीत. माझ्या शेजारचे एकेक गेले. माझी बाटली दिव्यासमोर आली. धाकट्या मालकांनी डोळे बारीक केले.

"अरे वा! ही बघा, जशीच्या तशी भरलेली. हिला हात लावू नका. ही मोठ्या दिवसासाठी."

त्यांनीच मला राखून ठेवलं. सात वर्षं मी त्या वाक्यावर जगलो.

मोठा दिवस उजाडला तो सकाळी, कारण जिभा सकाळी ताज्या असतात. त्या एकाच हंगामातल्या, पाच मळ्यांच्या पाच लाल वाइन एका लांब टेबलावर आल्या होत्या. इतक्या वर्षांनी कुणाची टिकली, कुणाची मेली, हे चाखून ठरवायचं होतं. निवाडा करायला पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, सगळे त्यांना जाणकार बाई म्हणत. पद्धत अशी होती, की प्रत्येक मालकानं आपली बाटली स्वतः उघडायची, बूच पांढऱ्या बशीत सगळ्यांसमोर ठेवायचं, आणि शेवटी नोंदवहीत ती वाइन कुणी केली त्याचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं. त्याखाली सगळ्यांच्या सह्या. एकदा लिहिलं की ते नाव पक्कं.

फोटोत कुटुंब असलं की बरं दिसतं, म्हणून धाकट्या मालकांनी ताईलाही बोलावलं होतं. ती शेवटच्या खुर्चीत बसली होती. तिच्याबरोबर चिमी. तेहतिशीची झाली होती, आणि काळजीच्या बाबतीत थेट आईवर गेली होती.

"आई, गोळी घेतलीस ना? मामा काही बोलला तर मनाला लावून घेऊ नकोस. आपण नकोच होतं यायला. टिल्ले, ग्लासला हात नको!"

टिल्ली तिची पाच वर्षांची मुलगी. तिला गप्प बसवायला एक चित्रांची वही, पेन्सिल आणि खोडरबर दिलं होतं. तिचा आठ-नऊ महिन्यांचा भाऊ बाबांजवळ घरी होता.

पहिल्या चार बाटल्या उघडल्या. दोन आंबल्या होत्या, एक नुसतीच पाणचट. चौथी बरी. माणसं ग्लास फिरवत, नाक खुपसत, घोट तोंडात घोळवत आणि चढू नये म्हणून भांड्यात थुंकत. तीन दशकं वाट बघायची आणि थुंकायचं! माणसांची गंमत वाटते.

मग आमची पाळी. धाकट्या मालकांनी आधी गोष्ट सांगितली. आता अकरा दिवसांचे चौदा झाले होते. "ताई तर तेव्हा बाळात गुंतलेली. तळघरात पाऊलही नाही." चिमीनं आईचा हात धरला.

त्यांनी लाख फोडली. दोन पातळ पात्यांचा चिमटा माझ्या कडेनं आत सरकवला, आणि मी निघालो. अखंड. बशीत पडलो तो चावलेलं टोक वर करून.

"हे काय?" जाणकार बाईंनी चष्मा लावला.

धाकट्या मालकांनी वाकून पाहिलं. "उंदरानं कुरतडलं असेल. जुनं तळघर आहे."

"लाखेच्या आतून?" बाई म्हणाल्या. "लाख तर तुम्ही आत्ता आमच्यासमोर फोडलीत."

एक मळेवाला खाकरला. टिल्ली टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवून माझ्याकडे बघत होती.

"उंदराचे नाहीत ते," ती म्हणाली. "बाळाचे दात आहेत. आमच्या बाळानं माझं खोडरबर पण अस्संच केलंय." आणि तिनं खोडरबर आणून बशीत माझ्या शेजारी ठेवलं. दोन ठसे, मधे बारीक फट. चिमीनं नकळत ओठ मिटून घेतले. तिच्याही खालच्या दातांत ती फट आहे.

"बाळ तळघरात होतं तर," जाणकार बाई सावकाश म्हणाल्या.

"आईच्या कडेवर होतं," ताई शेवटच्या खुर्चीतून म्हणाली. "ही शेवटची बाटली. बुचं संपली होती. तू शहरात होतास, लेबलं छापत."

बाईंनी ग्लास उचलला. कडेला विटकरी झालेला रंग पाहिला, वास घेतला, घोट घेतला. आणि थुंकायचं भांडं बाजूला सारलं.

"थांबायचं कशावरून ठरवलं होतं?" त्यांनी विचारलं. मालकांकडे न बघता.

"बिया चावून," ताई म्हणाली. "नवव्या दिवशी कुरकुरीत लागल्या."

"नवव्या," बाई म्हणाल्या, आणि नोंदवही धाकट्या मालकांपुढे सरकवली. "लिहा. कुणाचं नाव?"

धाकटे मालक हसायला गेले, पण हसू नीट जमलं नाही. "अहो, घरातलंच आहे सगळं. ताईचं काय, माझं काय! नावानं काय फरक पडतो?"

"काहीच नाही ना?" ताई उठून टेबलापाशी आली. "मग माझं लिही. आणि नावाच्या आधी लेकुरवाळी लिहायला विसरू नकोस."

त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. चारही मळेवाले आपापल्या ग्लासांत बघत होते. मग त्यांनी लिहिलं. पेन दोनदा अडलं. मी बशीतून एकेक अक्षर उमटताना पाहिलं, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा अंग सैल सोडलं. खरं सांगतो, मला त्यांची जराही दया आली नाही.

ताईनं ग्लास उचलला, डोळे मिटून वास घेतला, आणि घोट गिळला. पूर्ण.

आता मी सुकत चाललोय. एका बाजूनं भेगाळलोय, बाटलीच्या तोंडात परत काही मावायचा नाही. तुम्हाला एकच विनंती, बूच फेकण्याआधी एकदा उलटून बघत जा.

त्या सकाळी निघताना मला टिल्लीनं मुठीत घेतलं होतं. "तोंडात नाही हं घालायचं, कण जातो पोटात!" चिमी ओरडली. तेवढ्यात धाकटे मालक वाकले, हात पुढे केला आणि गोड आवाजात म्हणाले, "आण बाळा इकडे. ते माझं आहे."

टिल्लीनं मूठ उघडली. मला सगळ्या बाजूंनी फिरवून नीट पाहिलं.

"तुमचं?" ती म्हणाली. "मग तुमचे दात कुठेयत यावर?"