अंगावरचं झंपर

मखमलाबादच्या मळ्यातली कलाबाई एके काळी अशी भरलेली होती, की बैलगाडीत ती ज्या बाजूला बसेल त्या बाजूची बाकीची माणसं उठवावी लागतात, असं तिचा नवरा सावळीराम चारचौघांत सांगायचा. लोक पोट धरून हसायचे. तीही हसायची, न हसून सांगते कुणाला! फुलांचा मळा होता, लेक नांदायला गेली होती, घरात सासू तानुबाई आणि हे दोघं. खाण्यापिण्याला कमी नव्हतं आणि कलाबाईचा हातही आखडता नव्हता.

मग एक्याऐंशीच्या दिवाळीनंतर गावच्या डॉक्टरीणबाईंनी तिला साखर असल्याचं सांगितलं. गुडघे दाबून बघितले आणि म्हणाल्या, अशीच राहिलीस तर पन्नाशीच्या आत खाटेला खिळशील. बाई घाबरली. घाबरली म्हणजे अशी, की त्याच दिवशी गुळाचा डबा सासूच्या खाटेखाली सरकवला आणि टेंपोत बसायचं सोडून शेवंतीची पाटी डोक्यावर घेऊन पायी फुलबाजाराला निघाली. चार दिवसांची हौस आहे, म्हणाले सगळे. पण कलाबाई हट्टाला पेटली होती. दोन वर्षांत ती निम्मी राहिली. साखर उतरली, गुडघे बोलायचे थांबले आणि बाजारातल्या बायका तिला ओळखेनाशा झाल्या. तिला इतका आनंद झाला, की काय करू आणि काय नको असं झालं.

त्या आनंदातच तिनं चूक केली. दुपारी बोहारीण भागीबाई दारात आली, भांड्यांची पाटी उतरवून बसली, आणि कलाबाईनं जुन्या मापाचं होतं नव्हतं ते सगळं तिच्यापुढं आणून टाकलं. झंपरांचा तर ढीगच होता. एकेका झंपरात आता ती दोनदा मावली असती. बदल्यात झाकणाचं मोठं पातेलं मिळालं. तानुबाई शेजारून आली, पातेलं बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की काठाचे दोरे काढलेस का?

त्यांच्या घरात ती रीतच होती. अंगावर वापरलेलं कापड घराबाहेर जायचं असलं, की आधी त्याच्या काठाचा एक दोरा ओढायचा आणि चुलीत टाकायचा. म्हणजे कापड आपलं राहत नाही, ज्याच्या अंगावर जाईल त्याचं होतं. साबूत दिलं तर ते माणसाला धरून राहतं. कलाबाईला हे लग्नापासून ठाऊक होतं. पण इतक्या ढिगाचे दोरे कुठं काढत बसू, असं म्हणून तिनं कंटाळा केला होता. तिनं हसण्यावारी नेलं. तानुबाई मात्र हसली नाही.

आता वजन गेलं ते बरंच झालं, पण कातडी थोडीच जाते? ती तिथंच राहिली. दंडांची राहिली, पोटाची राहिली, आणि छातीची तर दशाच झाली. रिकाम्या पिशव्या खुंटीला टांगाव्यात तशी ती पोटावर लोंबू लागली. झंपर घालताना गुंडाळी करून आत कोंबावी लागे. उन्हाळ्यात तिच्याखाली घामानं कातडं सोलून निघायचं, झोंबायचं, कधी रक्तही यायचं. बांधावरून उडी मारायची तर एक हात छातीशी धरावा लागे. कलाबाई न्हाणीत भिंतीकडं तोंड करून अंघोळ करायला लागली. एवढा जीव आटवून मिळवलेलं अंग, आणि तेच बघवेना. तिला त्याचा संताप यायचा.

शेवटी लाज गुंडाळून तिनं डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, यावर ऑपरेशन असतं. मुंबईचे एक सर्जन दर महिन्याला नाशकातल्या एका खाजगी दवाखान्यात येत, त्यांच्याकडं त्यांनी तिला पाठवलं. सर्जन सरळ बोलणारा माणूस होता. त्यानं कागदावर चित्र काढून दाखवलं. जास्तीची कातडी कापायची, आतलं वर उचलायचं, बोंड वरच्या जागी आणून टाके घालायचे. वण राहतील, फिके पडतील पण जाणार नाहीत. कदाचित थोडी बधिरता राहील. पुष्कळ दिवस पाटी उचलायची नाही. आणि एक अट. वजन एका जागी थांबलेलं पाहिजे. आता शिवलं आणि पुढं आणखी उतरलं, तर सगळं पुन्हा लोंबेल. काटा थांबला की या, म्हणाला.

घरी सांगितलं तेव्हा सावळीरामनं चहाची बशी खाली ठेवली.

"आता या वयात तुझं कोण बघणार हाय?" तो म्हणाला.

"मी बघते की रोज," कलाबाई म्हणाली.

सावळीरामनं बशी पुन्हा उचलली. माणूस वाईट नव्हता. संध्याकाळी फुलं तोडता तोडता आपणहून म्हणाला, की जायचं ठरलं की सांग, मी येईन सोबत. कलाबाईला भरून आलं. आता फक्त काटा थांबायचा होता.

काटा थांबेना. मार्केट यार्डात पोती तोलायचा मोठा काटा होता, त्यावर ती दर बाजारी बसायची, आणि तोलणारा सहादू आज किती भाव लावू म्हणून चेष्टा करायचा. वजन उतरतच होतं. साखर ताब्यात आहे, नीट जेव, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तशी ती जेवू लागली. भाकरीबरोबर भात, भातावर तूप. तरी उतरलं. मग तर डॉक्टरीणबाईंना न विचारता गुळाचा डबा परत मांडणीवर आला आणि ती गुळाचे खडेच्या खडे तोंडात टाकू लागली. तरी उतरलंच. गंमत अशी, की गुळाची गोडी तिच्या जिभेला लागेना. माती खाल्ल्यासारखं वाटायचं. रक्त तपासलं, लघवी तपासली, फोटो काढला, कशात काही नाही. सर्जननं दोनदा परत पाठवलं. सहादूनं चेष्टा करायची सोडून दिली आणि काट्यावर ती बसली की तो दुसरीकडं बघू लागला. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. आरशात तिला गालफडं दिसायची आणि त्यांच्यावर आपलेच डोळे बाहेरून कुणाचे तरी बसवल्यासारखे वाटायचे.

तानुबाईनं एकदा तिचं मनगट हातात घेतलं, चाचपलं आणि म्हणाली, "कले, तू खातेस ते तुझ्या अंगी लागत नाय. कुठंतरी चाललंय ते."

कुठं, ते कलाबाईला फुलबाजारातच दिसलं. उन्हं वर आली होती, गर्दी पांगत होती आणि कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका बाईच्या पाठीवर तिला आपलं जुनं झंपर दिसलं. जांभळं, काखेत हिरवं ठिगळ. ठिगळ तिनं स्वतः लावलेलं होतं. बाई पाप्याचं पितर होती, झंपर तिच्या अंगावर नुसतं लटकत होतं. कलाबाईला कसंतरीच झालं, पण कपडे दिले की कुणीतरी घालणारच, असं म्हणून ती पुढं गेली. महिन्याभरानं पुन्हा तीच बाई दिसली. झंपर आता लटकत नव्हतं. पुढच्या खेपेला पाठ भरली होती, दंड बाहीत दाटले होते. कलाबाई मागं उभी राहून बघत राहिली. ती मान, ती पाठ, खाली वाकताना कमरेवर पडणारी ती घडी. स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही म्हणतात, कलाबाई ती उभ्या उभ्या बघत होती.

ती जुडी घ्यायचं निमित्त करून बसली आणि बोलणं काढलं. बाईचं नाव गोजराबाई. पंचवटीच्या अंगाला राहायची. झंपर जुन्या कपड्यांच्या बाजारातून घेतलेलं. घेतलं तेव्हा आत आणखी एक बाई मावली असती, ती हसत सांगत होती, मापाला घ्यायचं म्हणून सुई-दोरा काढून ठेवलाय, पण सुई लावायच्या आत अंगच भरलं. मग ती पुढं झुकली आणि हळू आवाजात म्हणाली,

"ताई, हसू नका, पण माझ्या घरात गूळ नाय. तरी तोंड गोड होतं. बसल्या जागी, कवाबी. कुणीतरी खातंय आन् मला लागतंय."

तेवढ्यात तिच्यामागं पाटीत काहीतरी हललं. फडक्यात गुंडाळलेलं पोर होतं. गोजराबाईनं त्याला उचललं, पदराआड घेतलं, आणि ते असं चुटूचुटू ओढायला लागलं, की कलाबाईला तो आवाज ऐकवेना. चार महिन्यांचं आहे, गोजराबाई सांगत होती. याच्या आधीची दोन दुधावाचून गेली. अंगात रक्तच नव्हतं, तर दूध कुठून यायचं? या खेपेला मात्र देवीनं भरभरून दिलंय. पोराला पुरतं आणि वर उरतं. ती इतक्या सुखानं सांगत होती, की कलाबाई पैसे देऊन जुडी तिथंच विसरून उठली.

घरी येऊन तिनं तानुबाईला झंपराचं सांगितलं. पोराचं सांगितलं नाही. तानुबाई म्हणाली, दोरा अजून काढता येतो, पण ज्याचं कापड होतं त्याच्याच हातानं, आणि कापड तिच्या अंगावर असताना. बाकीच्यांच्या एव्हाना चिंध्या झाल्या असतील, ओढतंय ते हेच. चुलीत टाकला की संपलं. लवकर कर, म्हणाली, तुझ्यात आता राहिलंय काय?

कलाबाईनं लवकर केलं नाही. ती मनाशी भांडत बसली. वरचं दूध मिळत नाही का पोरांना? जगभरची पोरं वाढतात की त्यावर. आणि माझं मी परत घेतलं तर ती चोरी कशी? मी मरू का तिच्यापायी? मी काय तिला पोर आण म्हणून सांगितलं होतं? असं म्हणायची आणि मग ते चुटूचुटू आठवायचं. पण न्हाणीत गेली, की हाडांवर लोंबणारी ती कातडी दिसायची. आपण इथून पुढं नुसत्या झिजत जाणार आणि मेल्यावरही आपल्या अंगावर हेच असणार, या विचारानं ती हमसून रडली. तिला जगायचं होतं. नुसतं जगायचं नव्हतं, धड अंगानं जगायचं होतं.

ती बाजारात गेली. गोजराबाई पाठमोरी बसली होती, पोर मांडीवर. झंपर आता टचटचीत झालं होतं.

"थांब गं," कलाबाई म्हणाली, "पाठीला दोरा लोंबतोय. तोडते."

दोरा लोंबत नव्हता. तिनं काठात नख घातलं, उकरून एक दोरा बाहेर काढला आणि सरसरून ओढला. तो फार लांब निघाला. ओढता ओढता तिच्या तोंडात अचानक गुळाची गोडी आली. इतक्या दिवसांनी आली, की तिनं डोळे मिटले.

"बरं झालं ताई," गोजराबाई म्हणाली, "माझा हात नाय पोचत तिथं."

दोरा चुलीत गेला. पुढच्या बाजाराला काटा थांबला, त्याच्या पुढच्यालाही थांबला. गालफडं भरली, पण बेतानं. सर्जननं तपासलं आणि तारीख दिली. या सगळ्या दिवसांत कलाबाई दुसऱ्या गल्लीनं बाजारात जायची. कोथिंबीरवाल्या बायकांकडं तिनं एकदाही बघितलं नाही आणि कुणाला काही विचारलंही नाही.

ऑपरेशन झालं. सावळीराम शब्दाला जागला, दवाखान्याच्या बाकावर दिवसभर बसून होता. पट्टी सोडायच्या दिवशी सर्जन मुंबईला परतलेला होता, म्हणून डॉक्टरीणबाई आल्या. टाके बघून म्हणाल्या, फार छान बसलंय, आणि सिस्टरनं आरसा धरला. कलाबाईनं बघितलं. टाक्यांच्या काळ्या रेघा होत्या, सूज होती, पण छाती जिथल्या तिथं होती. तिची होती. ती रडायला लागली, आणि डॉक्टरीणबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेल्या.

सिस्टर नवी पट्टी बांधत असताना कुठूनतरी तान्हं रडायला लागलं. भुकेचं रडणं. कलाबाई म्हणाली, कुणाचं पोर आहे, बघा की जरा. सिस्टर म्हणाली, आपल्याकडं बाळंतिणी नसतात हो, इथं कुठलं पोर? आणि ती बांधायचं काम करत राहिली. रडणं वाढलं. कलाबाईच्या छातीत कळ आली, बधिर राहील म्हणून सांगितलेल्या जागी आली, आणि नवी कोरी पट्टी भिजत चालली. सिस्टर दचकली. पू झाला असेल म्हणून तिनं घाईनं पट्टी सोडली, बोटाला लावून बघितलं, वास घेतला आणि कलाबाईच्या तोंडाकडं बघू लागली. टाक्यांच्या मधून दूध येत होतं. थेंब थेंब नव्हे, धारच लागली होती. कलाबाईनं दोन्ही हातांनी दाबून धरलं, तरी ते बोटांतून वाहून चादरीवर सांडत होतं.

रडणं हळूहळू बारीक झालं. मग दोन-तीनदा नुसतं कण्हल्यासारखं ऐकू आलं. मग तेही थांबलं.

"अगं बाई, सांगायचं नाही का आधी?" सिस्टर कापूस शोधत म्हणाली. "केवढं आहे बाळ?"

कलाबाई दारापलीकडं कान लावून होती. ती म्हणाली,

"चार महिन्यांचं होतं."