उंबऱ्याच्या अलीकडे

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. भुसावळला माहेरी मला तिखट म्हणायचे आणि लग्नानंतर त्यात काही फरक पडला नाही. नाव मात्र रत्नमाला. माझे मिस्टर बळवंत रेल्वेत लोको पायलट होते. चौतीस वर्षं गाड्या चालवल्या, त्यातली शेवटची एकोणीस जयपूरला. रिटायर झाल्यावर परत जायचं ठरत होतं, पण तोवर आमची स्वप्ना लग्न होऊन इथेच मानसरोवरला राहायला लागली. मग आम्हीही बनी पार्कातल्या ह्या दोन खोल्यांत राहिलो. स्टेशन जवळ आहे, दिवसभर भोंगे ऐकू येतात. ह्यांना ते बरं वाटतं आणि मला त्याची सवय झाली आहे.

तीन वर्षांपूर्वी ह्यांचा उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. मग अक्षर बारीक झालं, इतकं की बँकेत सही जुळेना. रेल्वेच्या दवाखान्यात सांगितलं, पार्किन्सन. गोळ्या सुरू झाल्या, दिवसातून चार वेळा, घड्याळ बघून. तिथपर्यंत मी सगळं समजून घेतलं हो. आजार आहे, आपण काय करणार.

पण गेल्या थंडीपासून नवीनच सुरू झालं. पाय चिकटायला लागले. बाहेरच्या खोलीत हे बऱ्यापैकी चालायचे, आणि स्वयंपाकघराच्या दारात आले की थांबायचे. उंबरा म्हणजे तरी काय, संगमरवराची बोटभर उंच पट्टी. लहान पोर ओलांडेल. हे तिथे उभे. पाय जमिनीला खिळलेले, अंग पुढे झुकलेलं, टाचा तेवढ्या थरथरतायत. मी म्हणायची, चला ना. मग मोठ्याने, अहो चला ना. जितकं म्हणावं तितके जास्त अडकायचे. शेवटी हात धरून ओढायची, तर दोघंही पडता पडता वाचायचो.

आणि चेहरा! तो तर पार लाकडी झालेला. मी घाम गाळून पिठलं करावं, ठेचा कुटावा, आणि समोर हा चेहरा. ना आवडल्याचा ना नावडल्याचा. बारीक आवाजात म्हणायचे, चांगलं झालंय. माझा विश्वास बसायचा नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाचं मन मी त्याच्या भुवईवरून ओळखलं, त्याची भुवईच हलेनाशी झाली तर मी काय समजायचं? मी समजले, हा माणूस माझ्यावर नाराज आहे.

मार्चमधल्या एका मंगळवारी मी वरण फोडणीला टाकत होते. अंगावर गाऊन आणि त्याच्यावर ओढणी, घरात असते तशी. वरच्या फळीवरचा हिंगाचा डबा काढायला हात वर केला आणि ओढणीचं टोक मागच्या शेगडीवर गेलं. मला कळलंच नाही. पाठीला धग लागली तेव्हा मान वळवून बघते तर ज्वाळा खांद्यापर्यंत आलेली. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

हे बाहेरच्या खोलीत खुर्चीत होते, बारा फुटांवर. खुर्चीतून उठायला ह्यांना एरवी तीन खेपा लागतात. पण मी डोळ्यांनी पाहिलं, हे उठले आणि पळत आले. चालत नाही, पळत! तो उंबरा असा ओलांडला जसा तिथे नाहीच. माझ्या अंगावरची ओढणी खेचली, जमिनीवर टाकली आणि स्लिपरांनी तुडवून विझवली. मग गॅस बंद केला. एवढं सगळं करायला ह्यांना अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. माझ्या मानेवर दोन फोड आले, बाकी काही नाही.

कोणी दुसरी असती तर नवऱ्याच्या गळ्यात पडून रडली असती. मी भिंतीला टेकून धापा टाकत होते. ह्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, तोच लाकडी चेहरा. आणि माझ्या डोक्यात जे आलं ते तोंडातून बाहेर पडलं.

“म्हणजे चालता येतं तुम्हाला,” मी म्हणाले. “इतके दिवस मला नाचवलंत.”

हे बाहेरच्या खोलीकडे वळले. मग ज्या उंबऱ्यावरून पळत आले होते, त्याच उंबऱ्यावर परत जाताना अडकले. मी मदतीला गेले नाही. बघत उभी राहिले. माझ्या आईची एक म्हण होती, झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. तीही मी त्यांना ऐकवली.

सकाळी उठले ती ठरवूनच. पावणेआठला चहा केला आणि रोज बाहेर नेऊन देते तो नेला नाही. ओट्यावर ठेवला, बशीत बिस्किटं ठेवली, शेजारी गोळ्यांची डबी. ह्यांना सांगितलं की मी स्वप्नाकडे चालले, चहा आत आहे, काल आलात तसे या आणि घ्या. बाहेरून कडी लावली, पर्स घेतली आणि मेट्रोत जाऊन बसले. रागाने अंग कसं हलकं होतं बघा, जिना उतरताना माझे गुडघेसुद्धा दुखले नाहीत.

स्वप्नाने जयभीम करून पाणी दिलं, मानेवरचे फोड बघितले आणि घाबरली. मी तिला आगीचं सगळं सांगितलं, वर तिच्या बापाचं सोंगही सांगितलं. ती ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, “आई, बाबांनी आठची गोळी घेतली ना?”

गोळी ओट्यावर होती, उंबऱ्याच्या पलीकडे.

पार्किन्सनवाल्याची गोळी चुकली म्हणजे काय होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. लग्नाला गेलो होतो तेव्हा एकदा दोन तास उशीर झाला होता, तर ह्यांना खुर्चीतून उचलून गाडीत बसवावं लागलं होतं. मला सगळं माहीत होतं. रागात विसरले, असंही म्हणणार नाही. रागात मी त्याचा विचारच केला नाही.

परतीच्या मेट्रोत बसून मी ह्यांना फोन लावत होते. घंटी वाजायची आणि बंद व्हायची. खालच्या मजल्यावर मीणाजींचं कुटुंब आहे, भली माणसं, एका हाकेला वर धावतील. त्यांना फोन करता आला असता. पण काय सांगणार होते? आजारी नवऱ्याला कडी लावून आले म्हणून? लाज वाटली. त्या लाजेपायी आणखी पाऊण तास गेला, हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

दार उघडलं तर हे उभे होते. स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्याच्या अलीकडे, दोन्ही हातांनी चौकट धरून. साडेदहा वाजले होते. बोटं पांढरी पडली होती, पायजमा ओला झाला होता. समोर चार पावलांवर चहा होता, त्याच्यावर साय धरलेली.

“सोडलं असतं तर पडलो असतो,” हे म्हणाले. आवाज इतका बारीक की मी जवळ जाऊन ऐकला. “प्रयत्न करत होतो गं.”

मी गोळी दिली, पाणी पाजलं, तिथेच खुर्ची आणून मागून लावली आणि ह्यांना बसवलं. पाय पुसले, पायजमा बदलला. गोळी लागू पडायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ मी जमिनीवर बसून ह्यांच्या पोटऱ्या चोळत राहिले आणि रडत राहिले. माझं रडणं मोठ्याने असतं, त्याला मी काय करू.

दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन दवाखान्यात गेले ती भांडायच्याच तयारीने, पण कोणाशी भांडायचं ते कळत नव्हतं. तिथे सलोनी म्हणून फिजिओथेरपीवाल्या आहेत, तिशीच्या आतबाहेर, जयपूरच्याच. त्यांनी ह्यांना खाटेवर बसवलं आणि मला आगीची गोष्ट दोनदा सांगायला लावली. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, ऐसा होता है आंटीजी, और ये नाटक नहीं है.

मग त्यांनी कागदावर मेंदू काढून दाखवला. मला कळलं तेवढं सांगते. मेंदूच्या आत खोलवर पेशींचा एक छोटासा काळपट पुंजका असतो. त्या पेशी एक रसायन करतात, आणि त्याच्या जोरावर रोजच्या सवयीच्या हालचाली होतात. उठणं, पहिलं पाऊल टाकणं, वळणं, हसणं. आपण ठरवत नाही, होऊन जातं. ह्यांच्या त्या पेशी मरत चालल्या आहेत. अंगठा थरथरायला लागला तेव्हाच अर्ध्याहून जास्त गेल्या असतील. आता मनातून हुकूम निघतो, पण तिथला ब्रेक सुटत नाही. पायात ताकद आहे, इच्छा आहे, आणि पाऊल उठत नाही. मी ओरडले की घाईने ब्रेक आणखी आवळतो. पण पायांपर्यंत जायचा तो एकच रस्ता नाही. डोळ्यांना काही दिसलं, कानांवर काही पडलं, जिवावर बेतलं, तर हुकूम दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो. हे कसं होतं ते शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं कळलेलं नाही, म्हणाल्या.

“मेन लाईन बंद आहे,” हे खाटेवरून म्हणाले. “त्या दिवशी गाडी बाजूच्या लूप लाईनवरून निघाली.”

सलोनीजी हसल्या. मी विचारलं, आणि ह्यांचा चेहरा? त्या म्हणाल्या, चेहराही त्याच ब्रेकखाली आहे. आतलं आत असतं, बाहेर येत नाही.

त्यांनी उपाय सांगितले. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवा, पट्टी बघून पाऊल टाकता येतं. एक-दोन-एक-दोन मोजा. पट्ट्या ह्यांना नको होत्या, घराची शाळा करू नकोस म्हणाले. मोजून पाहिलं, तर दोनदा जमलं आणि तिसऱ्यांदा नाही. मी चिडायला लागले आणि चिडले की मोजायचा वेग वाढायचा. आठवडाभर असाच गेला.

रविवारी मी ओट्याशी उभी होते आणि हे दारात अडकलेले. चला म्हणायचं नाही हे मी शिकले होते. मग काय म्हणायचं? तेवढ्यात मला ह्यांच्या इंजिनातलं आठवलं. ह्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. इंजिनात दोघं असतात, पायलट आणि असिस्टंट. स्टेशन सोडायचा स्टार्टर सिग्नल दिसला की एकाने हात करून मोठ्याने सांगायचं आणि दुसऱ्याने हात करून तेच परत म्हणायचं. दोघांनी म्हटल्याशिवाय सिग्नल पाहिला असं धरायचं नाही, हजार वेळा त्याच रस्त्याने गेला असलात तरी. त्यात कोणी कोणाला हुकूम देत नाही. दोघं एकच गोष्ट बघतात आणि एकमेकांना सांगतात.

मी लाटणं खाली ठेवलं, हात सरळ खिडकीकडे केला आणि म्हणाले, “स्टार्टर हरा.”

काही क्षण काही झालं नाही. मग ह्यांचा उजवा हात चौकटीवरून सुटला, थरथरत वर आला आणि खिडकीकडे रोखला. “स्टार्टर हरा,” हे म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी आवाज जरा मोठा होता. पाऊल उचललं. उंबऱ्याच्या अलीकडचं पलीकडे आलं, मग दुसरं. हे ओट्यापर्यंत आले आणि ओट्याला धरून उभे राहिले.

रोज जमतं असं समजू नका. दहात सहा वेळा जमतं. चार वेळा सिग्नल लालच राहतो, मग मीही पोळी अर्धी टाकून तिथेच उभी राहते. माझ्यासारखीला उभं राहणं किती अवघड आहे ते मलाच माहीत.

त्या रविवारी ह्यांना आतल्या स्टुलावर बसवलं आणि पहिल्यांदा स्वयंपाकघरात चहा दिला. मी म्हणाले, अहो, अडीच तास दारात उभं केलं मी तुम्हाला, तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. शिव्या द्यायच्या होत्या.

ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “त्याचं काही नाही. आग लागली ना, त्या दिवशी मी पळालो. मला इतका आनंद झाला, रत्ना. वाटलं, पाय परत आले. तुला जळू दिलं नाही. वर बघितलं तर तू…”

म्हणजे तेव्हा, ओढणीवर पाय ठेवून उभा असलेला हा माणूस हसत होता. आतल्या आत, सगळ्या तोंडभर हसत होता, आणि मी त्याला सोंगाड्या म्हणाले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे आत्ताही काही नव्हतं. डोळ्यांतून पाणी तेवढं आलं होतं.

त्या दिवसापासून मी चेहरा बघून काही ठरवत नाही, सरळ विचारते. भाजी जमली का, पाठ दुखते का, माझा राग आला का. शेजारणींना वाटतं, म्हातारी येडी झाली. काल संध्याकाळी गच्चीवर खुर्च्या टाकून बसलो होतो. हे गप्प, चेहरा तसाच, समोर बघत.

“अहो,” मी विचारलं, “आत्ता हसताय का?”

“हो,” हे म्हणाले. “केव्हाचा.”