कंपनीची भाकरी

आमचे धनी आणि माझा दीर कुशाबा एका आईचे लेक. पण एकमेकांच्या घरचं पाणीही घेत नव्हते. सासूबाईंच्या तेराव्याला कुशाबा मुंबईहून उशिरा पोचला. तो पानावर बसला तोच धनी बोलले, "पाव्हन्यावानी आलास." कुशाबा भरल्या पानावरून उठून गेला. रुसावं ते बायकांनी असं कोण म्हणतं, त्याने आमच्या घरी यावं!

सन अठ्ठावीसच्या संपात त्याची मुंबईची गिरणी बंद पडली आणि कुशाबा आमच्या गावी, कुडपणला परतला तो 'कंपनी' हा शब्द घेऊन. सगळ्या वाडीने हिरडा एकत्र वेचायचा, महाडच्या बंदरावर एकत्रच विकायचा. धनीही सामील झाले. हिरडा एकत्र, शिदोरी मात्र वेगळी! दोघांचाही मला संताप यायचा. एकदा, फक्त एकदा, त्यांनी सोबत जेवावं, म्हणून माझा जीव तुटायचा.

त्या दिवशी महाडला पोचलो तेव्हा सावित्री नदीला भरती यायची होती. डोंगर उतरून पाय गळाले होते. पोत्याला टेकून मी पेंगत होते. हळदीसारखं ऊन, होड्या, माणसं, सगळंच तरंगत होतं.

होडीची वाट बघणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी विचारलं, "माल कोणाचा?"

"आमच्या कंपनीचा," कुशाबा ऐटीत म्हणाला.

"अर्थ ठाऊक आहे का त्याचा?" मास्तर हसले. "इंग्रजीत तो जुन्या लॅटिनमधून आला. 'कॉम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे त्यांची भाकरी. एकत्र भाकरी खातात ती कंपनी. व्यापार मागाहून चिकटला."

मला वाटलं, स्वप्नच पडतंय. साता समुद्रापलीकडच्या लोकांना माझ्या मनातलं कसं कळलं? मिटल्या डोळ्यांपुढे गोऱ्या बायका चुलीशी बसल्या होत्या. त्यांचेही दीर रुसलेले होते.

डोळे उघडले तर धनी पाठ फिरवून शिदोरी सोडत होते. कुशाबा उठला आणि त्यांच्यासमोर जाऊन बसला.

धन्यांनी भाकरी मोडली. अर्धी पुढे धरली.

"त्या दिशी उपाशी गेलो रे दादा," कुशाबा म्हणाला. "घाट उतरंस्तवर रडत व्हतो."

धनी खाली बघत म्हणाले,

"मी तरी कुठं जेवलो? तुझं पान तसंच मांडून बसलो व्हतो. म्हटलं, येशील माघारी."