करंगळी सोडून

काजवालीला सुई टोचलेली कळत नाही, हे कारखान्यात आधी शर्टांना कळलं. शाळेच्या पांढऱ्या शर्टांवर, काजांच्या कडेला, रक्ताचे बारीक ठिपके यायला लागले. कारखान्याच्या मास्तरांनी असे चार शर्ट तिच्यासमोर टाकले.

"बाई, हात दाखवून या. हात ठीक आहे अशी डॉक्टरांची चिठ्ठी आणलीत, तरच सोमवारी सुई हातात देईन."

मास्तर तसे वाईट नव्हते, पण डाग पडलेला शर्ट विकत कोण घेणार?

हात ठीक नव्हता. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं सहा महिन्यांपासून बधिर होती. हे फक्त नवऱ्याला माहीत होतं आणि दोघांनी ते घरातच दाबून ठेवलं होतं. गेल्या वर्षी त्याचं पोट दुखलं, तेव्हा त्यांना चांगलीच अद्दल घडली होती. दवाखान्यात "झोप लागते का?" असं विचारलं आणि या शहाण्यानं खरं सांगितलं. झोप नाही म्हणून डोक्याचा फोटो, फोटोत काही नाही म्हणून रक्त, रक्तात काहीतरी वाटलं म्हणून दोन दिवस दाखल. शेवटी निघालं काय, तर पित्त. घरातलं शिलाई मशीन त्या बिलात विकलं गेलं. शेजारच्या खाटेवरचा माणूसही पित्ताचाच, पण तो निम्म्या पैशात सुटला. का, ते कुणी सांगितलं नाही.

नवरा बसमध्ये कंडक्टर. "माझ्याकडे माणूस आधी विचारतो, किती? मी सांगतो, मग तो बसतो," तो म्हणायचा. "दवाखान्यात म्हणतात आधी बसा, भाडं उतरताना सांगू. आणि लवकर उतरू तरी कुठं देतात!"

पूर्वी ती यावर हसायची.

डॉक्टर डोळे मिटायला लावून बोटांना टाचणी टोचतात, हे तिला बटणं लावणाऱ्या बाईनं सांगितलं होतं. घंटीच्या इशाऱ्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला युक्ती सुचायला कितीसा वेळ लागणार? "मी खोकलो की टोचली समज. म्हणायचं, लागली." तीन दिवस स्वयंपाकघरात तालीम चालली. ती डोळे मिटून बसायची, तो टोचायचा आणि खोकायचा. पहिल्या दिवशी तो टाचणी नुसती टेकवायचा, नंतर सवय झाली. तिला मात्र काही वाटेनासंच झालं होतं, बोटांतही आणि एकूणही.

डॉक्टर तरुण होते, मऊ बोलायचे.

"मुंग्या येतात?"

"नाही."

"हात दुखतो? जड वाटतो?"

"छे हो."

"मग आलात कशाला?"

"चिठ्ठीसाठी."

ते हसले. "बरं, डोळे मिटा आणि हात पुढे करा."

खोकला. "लागली." खोकला. "लागली." नवरा अगदी वेळेवर खोकत होता. मग अचानक करंगळीत अशी कळ गेली की "आई गं!" म्हणून तिनं हात मागे ओढला. तालीम तीनच बोटांची झाली होती.

"पुन्हा एकदा बघू," डॉक्टर म्हणाले.

तिनं डोळे मिटले, हात पुढे केला. मग नवरा खोकला.

"लागली," ती म्हणाली.

तिनं डोळे उघडले. टाचणी डबीत होती आणि डॉक्टरांचे हात मांडीवर. नवरा तोंडाला रुमाल लावून खाली बघत होता. हा खोकला बिचाऱ्याचा खरा होता, तीन दिवसांत घसा पार बसला होता त्याचा. तिला लाजही वाटली नाही.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"सहा महिने."

"तेव्हाच दाखवलं असतंत, तर कदाचित मनगटाला पट्टा बांधून भागलं असतं. नस दबली आहे. आता मनगट उघडावं लागेल, तेही लवकर."

"त्याला किती लागतील?" नवरा म्हणाला.

"ते खाली काउंटरवर सांगतील."

"तिथं विचारूनच वर आलो. ते म्हणाले, डॉक्टर सांगतील."

डॉक्टरांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "उघडल्याशिवाय नक्की नाही सांगता येत." त्यांना खरंच वाईट वाटत होतं, ते तिला दिसलं. त्या वाईट वाटण्याचं आपण काय करायचं, हे मात्र तिला कळेना.

"डॉक्टर, करंगळी ठीक आहे ना?"

"हो, करंगळी ठीक आहे."

"मग चिठ्ठीत तेवढंच लिहा. बाकीच्या बोटांचं काही लिहू नका."

"अहो बाई, करंगळीनं सुई धरता येते का?"

"सोमवारपर्यंत शिकेन," ती म्हणाली.